अहवालातली एक ओळ: उसाचा दर हा खर्च की नफा?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या शेतात ऊस आहे किंवा घरात कारखान्याचा एक तरी शेअर आहे, त्यांनी सवडीनं वाचावी. बाकीच्यांनीही वाचली तर आनंदच आहे, कारण कोल्हापुरात कारखान्याशी संबंध नाही असं घर शोधावं लागतं.

सप्टेंबर आला की आमच्याकडं कारखान्याचा वार्षिक अहवाल येतो. गुळगुळीत कागद, पहिल्या पानांवर फोटो, मग अध्यक्षांचं मनोगत, मग सभेची नोटीस आणि शेवटी बारीक अक्षरात ताळेबंद. आबा सभेची तारीख बघतात आणि यंदा सभासद साखर किती किलो, ते बघतात. आई तो अहवाल फडताळात अंथरते, कागद जाड असतो म्हणून. मी त्यावर बातमी करतो. तिघांनी तीन कामं केली, पण मागची आकड्यांची पानं कुणी उघडली नाहीत, असं आमच्या घरात कितीतरी वर्षं चाललं. सभेत तर ती उघडायची सोयच नसते. विषय वाचून होईपर्यंत एका बाजूनं ‘मंजूर, मंजूर’ आणि दुसऱ्या बाजूनं ‘नामंजूर’ सुरू होतं. राष्ट्रगीत झालं की माणसं जेवायला किंवा घराकडं.

मला ही पानं उघडायला लावली एका जुन्या अकौंटंटनं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी नुकताच तालुक्याचा बातमीदार झालो होतो. एका कारखान्याच्या प्रेसनोटवरून मी बातमी लावली, ‘कारखान्यास ९८ लाखांचा नफा’. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर हे काका भेटले. एका कारखान्यात आयुष्यभर हिशेब लिहून निवृत्त झालेला माणूस.

“अरं लेका, बातमी वाचली तुझी. गाळप किती झालंय त्यांचं?”

“साडेसहा लाख टन.”

“मग नफा टनाला किती पडला?”

मी तिथंच पेपरच्या कडेला भागाकार केला. १५ रुपये.

“टनाला पंधरा रुपये. संचालकांनी शेवटच्या मीटिंगला दर पंधरा रुपयांनी वाढवला असता तर नफा शून्य झाला असता. वीसनं वाढवला असता तर तोटा. म्हणजे नफा किती हे त्यांनी ठरवलंय, आणि तू छापलंयस. त्यांनी दर कसा ठरवला, ते विचारलंस काय?”

नव्हतं विचारलं. तेव्हापासून मी कारखान्याचा अहवाल शेवटच्या ओळीपासून वाचत नाही. मी ‘ऊस खरेदी’ ही ओळ आधी शोधतो. या एका ओळीवरून आपल्या भागातले कारखाने आणि इन्कम टॅक्स खातं यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चाललं, ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी देशाच्या बजेटमध्ये मिटलं. तो इतिहास आज सांगतो. तो कळला की आपल्या कारखान्याचा ताळेबंद कसा वाचायचा, हे बऱ्यापैकी कळतं.

सुरुवात थोडी मागून करू. कोल्हापुरातला साखर धंदा सहकारातून सुरू झालेला नाही. कसबा बावड्याची कोल्हापूर शुगर मिल्स संस्थानी काळात, १९३० च्या दशकात उभी राहिली. ती कंपनी होती. पुढं ती सहकारी झाली आणि आज आपण तिला राजाराम कारखाना म्हणतो. कंपनीचा हिशेब समजायला सोपा. कंपनी शेतकऱ्याकडून ऊस विकत घेते, त्याचे पैसे देते, तो तिचा खर्च. साखर विकते, ते उत्पन्न. मधलं जे उरलं तो नफा, आणि नफा शेअरवाल्याचा. ऊसवाला वेगळा, शेअरवाला वेगळा. ऊसवाल्याला जास्त दिलं की शेअरवाल्याचं कमी होतं, त्यामुळं कंपनी दर ताणून धरणार. अशा कंपनीच्या नफ्याच्या आकड्याला अर्थ असतो, कारण तो आकडा मोठा व्हावा म्हणून धडपडणारा मालक पलीकडं बसलेला असतो.

मग १९५०-५१ च्या हंगामात नगर जिल्ह्यात लोणीला प्रवरेचा कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी गोळा केले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. त्या दशकात आपल्याकडंही रत्नाप्पाण्णा कुंभारांचा पंचगंगा, तात्यासाहेब कोरेंचा वारणा असे कारखाने उभे राहिले. हिशेबाच्या दृष्टीनं इथं एक मोठी गोष्ट बदलली, ती म्हणजे ऊसवाला आणि शेअरवाला एकच माणूस झाला.

हे जगात पहिल्यांदा झालं असं नव्हे. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी, त्यातले बरेचसे विणकर, एक दुकान काढलं. वर्षाअखेर उरलेले पैसे भांडवलाच्या प्रमाणात न वाटता, ज्यानं जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचे, असा त्यांचा नियम होता. आपल्या कारखान्यात खरेदीच्या जागी ऊस आला. ज्यानं जेवढा ऊस घातला त्याला तेवढ्या टनांवर दर. शेअरवरच्या लाभांशाला तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानं १५ टक्क्यांची मर्यादाच घातली आहे. आणि निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. मग सभासद काय म्हणणार? नफा दाखवून त्याची वाटणी करण्यापेक्षा दरातच द्या. सगळ्या कारखान्यांनी तेच केलं. म्हणून सहकारी कारखान्याचा नफा कायम चिमूटभर दिसतो. नफा होत नाही असं नाही. तो उसाच्या दरात घालून गावात गेलेला असतो.

आता इन्कम टॅक्सवाल्याच्या जागी बसून बघा. त्यानं विचारलं, “हा दर म्हणजे नक्की काय? मालाची किंमत, की नफ्याची वाटणी?”

या प्रश्नाला आधार होता सरकारच्याच एका आदेशाचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं केंद्र सरकार उसाचा किमान दर ठरवायचं. त्याला एसएमपी म्हणायचे. भार्गव आयोगाच्या शिफारशीनंतर १९७४ साली त्या आदेशात कलम ५अ आलं. त्याचा अर्थ असा, की हंगाम संपल्यावर कारखान्याला जे जादा मिळालं, त्यातला वाटा ऊसवाल्यालाही द्यायचा. म्हणजे पहिली उचल एसएमपीप्रमाणं आणि हिशेब झाल्यावर वरचा हप्ता. महाराष्ट्रात या अंतिम दराला सरकारची मंजुरी लागायची. आमच्या लहानपणी ‘दुसरा हप्ता कधी?’ ही चर्चा पारावर चालायची, ती याच पैशाची. पोरीचं लग्न, घराचा स्लॅब, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या हप्त्यावर ठरलेलं.

टॅक्स खात्याचं म्हणणं पडलं, एसएमपीपर्यंतचा दर हा तुमचा खर्च, ते मान्य. त्याच्यावर जे दिलंत ते हंगामाचा हिशेब बघून, नफा मोजून दिलंत. म्हणजे ती नफ्याची वाटणी आहे, खर्च नव्हे. त्यावर टॅक्स भरा.

यात किती पैशांचा खेळ होता, ते एका काल्पनिक कारखान्यावर बघू. समजा, एसएमपीप्रमाणं उसाचे २०० कोटी झाले आणि अंतिम दरानं कारखान्यानं २६० कोटी दिले. सगळे २६० कोटी खर्चात धरले आणि अहवालात नफा १ कोटी दाखवला. टॅक्स खातं म्हणतं, मधले ६० कोटी नफ्यात मिळवा. नफा झाला ६१ कोटी. ३० टक्क्यांनी १८ कोटींच्या वर टॅक्स, शिवाय व्याज. आणि ते ६० कोटी कुठं आहेत? लोकांनी केव्हाच खर्च केलेत. परत गोळा करायची सोय नाही. भरायचे तर ते पुढच्या वर्षीच्या ऊस बिलातूनच जाणार.

कारखाने भांडायला लागले. ट्रिब्युनल आणि मुंबई उच्च न्यायालयात बऱ्याच अंशी कारखान्यांच्या बाजूनं निकाल गेले. २०१२ साली कराड तालुक्यातल्या रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं काही मुद्दे नीट तपासा म्हणून प्रकरण खाली परत पाठवलं. मग मार्च २०१९ मध्ये तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं मुद्द्यालाच हात घातला. कोर्टानं मधला रस्ता काढला. ५अ प्रमाणं दिलेल्या जादा दरात नफ्याचा एक भाग नक्की आहे, कारण तो दर हंगामाचे हिशेब बघूनच ठरतो. तेवढा भाग ही नफ्याची वाटणी. पण म्हणून सगळीच जादा रक्कम नफा ठरत नाही, उरलेला भाग खर्चच. कुठला भाग किती, हे टॅक्स अधिकाऱ्यानं हिशेब तपासून काढावं.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो टॅक्समुळं नव्हे. टपरीवरच्या काकांनी मला सांगितलेलीच गोष्ट देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टानं कागदावर लिहून दिली होती. सहकारी कारखान्याच्या ‘ऊस खरेदी’ या एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक मालाची किंमत आणि दुसरी मालकाचा नफा. वेगळ्या केल्याशिवाय कारखाना बरा चाललाय की वाईट, हे सांगता येत नाही.

पुढं हे मिटलं कसं, तेही सांगतो. २००९ साली केंद्रानं एसएमपी काढून एफआरपी आणली आणि कलम ५अ गेलं. २०१५ च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात नवीन तरतूद घातली, की सहकारी कारखान्यानं सरकारनं ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंत दिलेले पैसे खर्च धरायचे. ते २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापासून लागू झालं. मागच्या वर्षांच्या नोटिसा तशाच राहिल्या. शेवटी १ फेब्रुवारी २०२३ च्या बजेटमध्ये मागच्या वर्षांसाठीही तीच सवलत दिली गेली. अर्थमंत्र्यांनी लोकसभेत आकडा सांगितला, सहकारी साखर कारखान्यांना जवळपास १०,००० कोटींचा दिलासा.

आता माझा प्रश्न आपल्याला आहे. या १०,००० कोटींची टांगती तलवार इतकी वर्षं आपल्याच कारखान्यांवर होती. आपल्यातल्या किती सभासदांना ती माहीत होती? गुपित तर नव्हतं. अशी वादातली रक्कम ताळेबंदाखालच्या टिपांमध्ये लिहायची असते, ‘संभाव्य देणी’ या नावाखाली. ती कर्जात धरलेली नसते, तोट्यात धरलेली नसते, पण उद्या निकाल विरुद्ध गेला तर ती भरावी लागते. बारीक अक्षर असतं म्हणून आपण वाचत नाही. कंपनीचा ताळेबंद असो, बँकेचा असो की कारखान्याचा, टिपा आधी वाचायच्या, हा पहिला नियम मी यातून शिकलो.

दुसरी ओळ, शिल्लक साखर. हिशेब ३१ मार्चला बंद होतो आणि गळीत हंगाम संपतो तोही साधारण त्याच सुमाराला. म्हणजे वर्षभराची साखर तयार झालेली असते, पण विकलेली नसते. गोदामं भरलेली असतात. या पोत्यांची किंमत काय धरायची? हिशेबाचं मानक सांगतं, तयार करायला आलेला खर्च आणि विकून मिळू शकणारी किंमत, यातलं जे कमी असेल ते धरा. सांगायला सोपं, पण यात अंदाजाला जागा आहे. १० लाख टन गाळप, १२ टक्के उतारा, म्हणजे १२ लाख क्विंटल साखर. त्यातली निम्मी, ६ लाख क्विंटल, ३१ मार्चला शिल्लक असेल आणि दर क्विंटलला १०० रुपये जास्त धरला, तर नफ्यात ६ कोटींचा फरक पडतो. एक पोतंही न विकता. आता आठवा, बातमीत छापला जाणारा नफा किती असतो. कधी ९८ लाख, कधी सव्वा कोटी.

म्हणून अहवालात शिल्लक साखर किती क्विंटल आणि कुठल्या दरानं धरली, हे बघायचं. मागच्या वर्षी कुठला दर धरला होता, तेही बघायचं. दर बाजाराबरोबर बदलला तर ठीक. बाजार पडला असताना ताळेबंदातला दर चढला असेल, तर हात वर करून विचारायचं.

तिसरी गोष्ट रोकड. कायद्यानं ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी लागते, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. आकडा किती मोठा होतो बघा. २०२४-२५ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३४०० रुपये होती, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागं ३३ रुपये २० पैसे. आपल्या भागात १२ टक्के उतारा धरला तर ३९८१ रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक समजा ८५० रुपये वजा केली, की हातात ३१३१. दहा लाख टनाला ३१३ कोटी, तेही चार-पाच महिन्यांत. पण साखर काही चार महिन्यांत विकता येत नाही. २०१८ पासून कुठल्या महिन्यात किती विकायची, त्याचा कोटा दिल्लीहून येतो. मग कारखाना काय करतो? साखर बँकेकडं तारण ठेवून उचल घेतो. त्याच्यावर व्याज. नफा-तोटा पत्रकात व्याजाची ओळ शोधा आणि तिला गाळपाच्या टनांनी भागा. टनाला व्याज किती पडलं, ते कळेल. दोन शेजारच्या कारखान्यांच्या दरात फरक का, याचं उत्तर अध्यक्षांच्या भाषणापेक्षा या भागाकारात लवकर सापडतं.

२०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला परवानगी देणारा निर्णय काढला होता, तो याच रोकडीच्या ओढाताणीतून. राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. कारखान्यांची अडचण खोटी नव्हती. पण ऊस घालून चौदा दिवस झाले की सोसायटी आणि खतवाला दारात उभा असतो, तोही खोटा नव्हता.

खरं सांगायचं तर आपल्याकडची ऊसदराची आंदोलनं ही ताळेबंदाचीच भांडणं आहेत, फक्त ती रस्त्यावर होतात. नोव्हेंबर २०२३ आठवा. स्वाभिमानीची मागणी होती, मागच्या हंगामातल्या उसाला टनाला ४०० रुपये जादा द्या. महामार्गावर शिरोलीच्या पंचगंगा पुलावर लोक बसले. मी तिथं वही घेऊन उभा होतो. शेवटी तोडगा निघाला, ज्यांनी ३००० पेक्षा कमी दिले त्यांनी १०० रुपये, ज्यांनी जास्त दिले त्यांनी ५० रुपये द्यावेत. एक बाजू म्हणत होती, साखर चढ्या दरानं विकली, इथेनॉल आहे, वीज आहे, पैसे शिल्लक आहेत. दुसरी बाजू म्हणत होती, शिल्लक नाहीत. दोघांच्या मधे एक कागद होता, मागच्या वर्षीचा हिशेब. पण तो हातात घेऊन बोलणारी माणसं दोन्ही बाजूंना मोजकीच होती.

या भांडणासाठी कायदाही आहे. रंगराजन समितीच्या सूत्रावर २०१३ साली महाराष्ट्रानं ऊसदराचा कायदा केला. साखर आणि बगॅस, मळी यांसारखे पहिले उपपदार्थ मिळून आलेल्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊसवाल्याचा. नुसती साखर धरली तर ७५ टक्के. एफआरपीपेक्षा हे जास्त निघालं तर फरक द्यायचा. म्हणजे मालाची किंमत एफआरपीनं ठरली आणि नफ्याचा वाटा ७०:३० नं. जे ५अ मध्ये होतं तेच दुसऱ्या दारानं परत आलं. पण ७० टक्के कशाचे? उत्पन्नाचा आकडा कुठून येतो? त्याच अहवालातून. मळी स्वतःच्याच डिस्टिलरीला दिली तर तिचा दर किती धरला, बगॅस स्वतःच्याच वीज प्रकल्पात जाळलं तर त्याची किंमत किती लावली, यावर ते सत्तर टक्के मोठे किंवा लहान होतात. म्हणून चौथी ओळ, उपपदार्थांचे दर.

आता कुणी म्हणेल, त्यापेक्षा कंपनी बरी. पन्हाळा तालुक्यातला आसुर्ले-पोर्लेचा दत्त कारखाना पूर्वी सहकारी होता, आज दालमियांकडं आहे. ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असल्यामुळं तिचे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर होतात, साखर, वीज, डिस्टिलरी असे वेगवेगळे. मुंबईतला कुणी शेअरवाला मोबाईलवर ते बघू शकतो. आपल्याला मात्र वर्षातून एकदा अहवाल मिळतो. पण त्या कंपनीला ऊस घालणारा शेतकरी तिचा मालक नाही. त्याला दराच्या पुढं विचारायचा हक्क नाही. तुम्हाला आहे. कागद त्यांच्याकडं चांगला आहे आणि हक्क आपल्याकडं. हक्क वापरला नाही तर दोन्ही गेलं, एवढंच माझं म्हणणं.

आणि हा हक्क नुसता बोलायचा नाही, कायद्यात लिहिलेला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ३२. सभासदाला संस्थेच्या कचेरीत जाऊन शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी फुकट बघता येतात. फी भरून नकला मागता येतात, त्या महिन्याभरात द्याव्या लागतात. लेखापरीक्षकानं काढलेल्या दोषांवर काय केलं, याचा दोष दुरुस्ती अहवाल कलम ८२ खाली करावा लागतो आणि तो सभेपुढं यावा लागतो. सभा ३० सप्टेंबरच्या आत. ‘आम्हाला अ वर्ग मिळालाय’ एवढ्यावर समाधान मानू नका. वर्ग कुठलाही असो, परीक्षकानं खाली काय शेरे मारलेत, ते वाचायचे.

गेल्या वर्षी मी आबांना घेऊन बसलो. आबा सातवी शिकलेत, पण हिशेबाला पक्के. आमचा ऊस चाळीस टनाच्या आसपास जातो. मी त्यांना अहवालातला नफा टनावर काढून दाखवला, व्याज टनावर काढून दाखवलं, मग शिल्लक साखरेचा दर दाखवला. आबा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी देणी बाजूवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. सभासदांच्या बिनपरतीच्या ठेवी.

“हे आपल्या बिलातनं कापलेलं न्हवं?”

“होय.”

“मग ही देणी कशी काय? परत तर देणार न्हाईत.”

वीस वर्षं अहवाल वाचतोय मी, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. नाव ठेव, बसवलीय देण्यांच्या बाजूला, पण परत करायची नाही. म्हणजे व्यवहारात ते भांडवलच झालं, आणि भांडवल असून त्यावर लाभांश नाही. आबांनी तो प्रश्न सभेत विचारायचं ठरवलं होतं. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी प्रश्न द्यावा लागतो, तो आम्ही दिला नव्हता. त्यामुळं राहिलं. यंदा अहवाल आल्याबरोबर त्यांनी पहिल्यांदा ती मुदत बघितली, मग सभासद साखर.

तुमच्याकडं अहवाल आला असेल तर फडताळात अंथरायच्या आधी एवढं करा. मागची पानं उघडा. गाळप किती टन, नफा किती, व्याज किती, शिल्लक साखर किती क्विंटल आणि दर काय, संभाव्य देण्यांच्या टिपेत काय लिहिलंय. पाच आकडे आहेत. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर टनानं भागा. अडलं तर कमेंटमध्ये आकडे टाका, कारखान्याचं नाव नाही टाकलं तरी चालेल. मला जेवढं कळतं तेवढं मी सांगेन. ग्रुपवर दोघं-तिघं चार्टर्ड अकौंटंट आहेत, चुकलो तर ते माझा कान धरतील.

आणि लेखी प्रश्न मुदतीत द्या. सभेत ओरडलेलं इतिवृत्तात येत नाही, लेखी दिलेलं येतं.